डोंगरवाटेवर धावल्याने किंवा चालल्याने डोकं खरंच शांत होतं का?

होतं, पण लगेच नाही. माझी पहिली वीसेक मिनिटं तरी डोक्यात तीच भुणभुण चालू असते. मग वाट खडबडीत झाली की नजर पुढच्या दोन-तीन पावलांवर खिळते: सुटा दगड, झाडाचं मूळ, निसरडी माती. पाय कुठे टाकायचा हे बघताना साहेबांचं बोलणं आठवायला सवडच मिळत नाही.

२०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांना दीड तास निसर्गात चाललेल्यांचं तेच तेच विचार उगाळणं कमी झालेलं दिसलं. वर्दळीच्या रस्त्याकडेनं चाललेल्यांचं नाही. तेव्हा धावायलाच हवं असं नाही (चढावर मीही चालतोच, धापा टाकत). फक्त हेडफोन घरी ठेवा आणि घड्याळातला वेग सारखा बघू नका, नाहीतर तीही एक नवी कटकट.