शेवटाची चाहूल किती द्यावी?

प्रश्न : कथेत पुढच्या घटनेची चाहूल आधी दिली, तर माझे वाचक शेवट ओळखतात. नाही दिली, तर शेवट ओढूनताणून आणलाय म्हणतात. पूर्वसूचन नेमकं करायचं कसं?

उत्तर : या कात्रीत मीही बरीच वर्षं सापडलो होतो. माझ्या एका कथेत आजोबा शेवटी कुणाला न सांगता घर सोडतात. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, 'त्या दिवशी त्यांच्या नजरेत काहीतरी वेगळंच होतं.' तिथपर्यंत वाचून बायकोने वही मिटली. म्हणाली, "जाणार ना हे?" वाक्य खोडलं.

आता त्या जागी आजोबा नातवाला भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायला शिकवतात. आजवर त्यांनी त्याला कुणाचा हात लागू दिलेला नाही. पोराच्या बोटांतून चावी निसटते, आजोबा खेकसतात, "जोर लावू नकोस, अडेल तिथे थांब." वाचताना तो त्यांचा हेकाच वाटतो, पोराची दया येते. ते गेल्यावर चावी देणारा पोरगा एकटाच उरतो, तेव्हा तो प्रसंग वाचकाला पुन्हा आठवतो.

खुणेला त्या क्षणीही स्वतःचं काम हवं. भवभूतीच्या 'उत्तररामचरित' या संस्कृत नाटकाचा पहिला अंक जरूर वाचा. रामाच्या बाहूची उशी करून सीता झोपली आहे. राम म्हणतो, हिचं सगळंच प्रिय, असह्य काय तो हिचा विरह. तेवढ्यात प्रतिहारी, म्हणजे दारावरची सेविका, येऊन सांगते, 'देव, उपस्थितः'. महाराज, आला आहे! कोण, विरह? नाही, दुर्मुख नावाचा हेर. ती बिचारी रोजच्यासारखी वर्दी देते आहे, पण हेराने आणलेल्या लोकापवादापायीच सीतेचा त्याग होतो. बोलावं एकाबद्दल आणि लागू पडावं दुसऱ्यालाच, याला संस्कृत नाट्यशास्त्रात 'पताकास्थानक' म्हणतात. एका साध्या वर्दीत केवढं भरलंय! कितीदाही वाचलं तरी माझ्या अंगावर काटा येतो.

आणखी एक, खूण परिच्छेदाच्या शेवटच्या वाक्यात ठेवू नका. वाचक तिथे क्षणभर थांबतो, आणि थांबला की संशय घेतो. मधे कुठेतरी, दुसऱ्या एखाद्या कामाच्या गडबडीत ती येऊन जाऊ दे.

आणि सुरुवातीलाच खुणा शोधत बसू नका. आधी शेवट लिहा, मग मागे या. माझ्या कथेचा शेवट दुसऱ्या खर्ड्यात पक्का झाला होता. घड्याळ सुचलं ते चौथ्यात.