ग्रुपवर किती सांगू?

प्रश्न : साकोली तालुक्यात धान करतो. बारा वर्षं लोंब्या निवडून बारीक वाण तयार केला. व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं सांगितलं, तर एका बियाणेवाल्यानं माझ्याच बांधीचा फोटो स्वतःच्या नावानं फिरवला. आता गप्पच बसू का?

उत्तर : नाही भाऊ! नांदेडच्या (ता. नागभीड) शेतकरी दादाजी खोब्रागडेंनी स्वतः लोंब्या निवडून तयार केलेला एचएमटी धान दडवला असता, तर माझ्या बाबांच्या बांधीत तो आलाच नसता. रोवणी, पाणी, कीड खुशाल सांगा. निवडीची वही मात्र घरीच ठेवा. कोणत्या बांधीतली लोंबी, कोणती तारीख, सगळं शाईनं लिहा. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपला वाण नोंदवता येतो, नोंदणीची फी नाही. आधी तो अर्ज करा. तोवर बियाणं कोणालाही देताना वहीत सही घ्या, सोयऱ्याचीसुद्धा.