'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' या मथळ्यामुळे टिळकांना शिक्षा झाली होती का?

नाही, १८९७ चा राजद्रोहाचा खटला या गाजलेल्या मथळ्यावर नव्हता, तो 'केसरी'च्या १५ जून १८९७ च्या अंकातल्या मजकुरावर होता. त्यात 'शिवाजीचे उद्गार' ही कविता होती, खाली सही 'भवानी तलवार', आणि शिवराज्याभिषेक उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत होता. पुढच्याच आठवड्यात, २२ जूनला, पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली आणि सरकारला तो अंक भलताच अर्थपूर्ण वाटू लागला. 'डोके ठिकाणावर'चा अग्रलेख आला ६ जुलैला, म्हणजे खटल्याचा दारूगोळा आधीच छापून झाला होता. थोडक्यात, सरकारच्या डोक्याची चौकशी करणारा अग्रलेख खटल्याबाहेर राहिला आणि कवितेने दीड वर्षाची सक्तमजुरी लावली! (प्रत्यक्षात साधारण वर्षभराने सुटका झाली.) तारखा लावून पाहिल्या की हे लगेच दिसतं, पण मथळा इतका झणझणीत की शिक्षाही त्याच्याच नावावर चढली.

मात्र त्या मथळ्याने सरकारचा पारा चढलाच नसेल, असं म्हणता येणार नाही. अटक २७ जुलैला, तीनच आठवड्यांत झाली.

अग्रलेखच अंगाशी आले ते १९०८ मध्ये: 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. दुसरा मथळा तर छपराच्या डागडुजीबद्दलची तक्रार वाटावी इतका सौम्य. शिक्षा सहा वर्षं, मंडाले.