जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) पहिल्या वर्षाला आहे, डोसचं गणित जमत नाही. एमजीचं एमएल कसं करायचं?

तुला सरळ तू म्हणते, मी लातूर जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे आणि तुझ्या वयाच्या पोरी आमच्या वॉर्डात पोस्टिंगला कायम येत असतात. तू लिहिलंयस की फॉर्म्युला पाठ आहे तरी आकडे बदलले की गोंधळ होतो, आणि १ एमजी म्हणजे किती एमएल ह्याचा तक्ता कुणाकडं असला तर द्या.

असा तक्ता नसतोच बघ, आणि गोंधळ सगळा इथूनच सुरू होतो. एमजी हे औषधाचं वजन, एमएल हे पातळ पदार्थाचं माप. ह्याचं त्यात थेट कधीच होत नाही. एका एमएलमध्ये किती एमजी औषध टाकलंय ते कंपनीनं ठरवलेलं असतं आणि ते फक्त त्या बाटलीच्या लेबलवर असतं. म्हणून फॉर्म्युल्याच्या आधी लेबल वाचायचं आणि वहीत एकच ओळ लिहायची, '१ एमएलमध्ये इतके एमजी'. ही ओळ लिहिली की निम्मं गणित झालं. माझं तर स्पष्ट मत आहे की कॉलेजात फॉर्म्युला आधी शिकवतात आणि लेबल नंतर दाखवतात हे उलटं आहे, पोरी 'पाहिजे भागिले हातात' घोकतात पण हातात काय आहे तेच बघत नाहीत.

पॅरासिटामॉलच घे. लेकरांना एका वेळेला किलोमागं १० ते १५ एमजी असतं. १० किलोचं लेकरू आहे आणि डॉक्टरांनी १५० एमजी लिहिलंय. आता बाटल्या बघ. एकीवर '५ एमएलमध्ये १२५ एमजी' आहे, म्हणजे १ एमएलला २५, म्हणजे ६ एमएल द्यायचं. दुसरीवर '५ एमएलमध्ये २५०', १ एमएलला ५० पडले, म्हणजे ३ एमएल. तिसरी ती ड्रॉपरवाली छोटी बाटली, तिच्यात १ एमएललाच १०० एमजी असतं, म्हणजे फक्त दीड एमएल. लेकरू तेच, ताप तोच, औषधपण तेच, आणि माप ६, ३ आणि दीड. आता सांग, तक्ता कसा करणार?

ओपीडीत हेच जास्त समजावून सांगावं लागतं. ड्रॉप्स म्हणजे तान्ह्या बाळाचं, म्हणून ते हलकं असणार असं घरच्यांना वाटतं, उलट तेच सगळ्यात कडक असतं, कारण तान्ह्या बाळाच्या पोटात जास्त पातळ औषध जात नाही म्हणून थोड्या मापात जास्त औषध बसवलेलं असतं. मोठ्याच्या सिरपचं '५ एमएलचं झाकण भरून पाज' हे डोक्यात असतं आणि तेच झाकण ड्रॉप्सनं भरलं तर ५०० एमजी एका दमात गेलं, १० किलोच्या लेकराला. म्हणून औषध देताना आईला नुसतं 'एक चमचा' म्हणून सोडायचं नाही. पुस्तकातला टीस्पून ५ एमएलचा आणि टेबलस्पून १५ चा, पण घरातले चमचे कुठं पुस्तक वाचून केलेत, प्रत्येक घरात वेगळा. सुईशिवायची सिरिंज द्यायची आणि कुठल्या रेघेपर्यंत ओढायचं तिथं पेननं खूण करून द्यायची.

आणि अजून एक, आपल्याकडं केसपेपरवर आणि चिठ्ठीवर मराठी आकडे असतात, मराठी १ घाईत लिहिला की इंग्रजी नऊसारखा दिसतो. डोस लिहिताना आकड्याच्या शेजारी अक्षरात पण लिही, 'एक', 'दीड'. दशांश चिन्हाच्या आधी शून्य हवंच, ०.५ असं, नुसतं .५ लिहिलं आणि टिंब पुसट झालं की ५ वाचलं जातं, दहापट. आणि पूर्ण आकड्यानंतर टिंब शून्य लावायचं नाही, ५.० चं ५० होतं. युनिटसाठी नुसतं इंग्रजी यू पण लिहू नको, ते शून्यासारखं दिसतं, पूर्ण 'युनिट' लिही.

इंजेक्शनला तर लेबल अजून जपून वाच. अमिकासिन ह्या अँटिबायोटिकची १०० एमजीची वायल (इंजेक्शनची छोटी बाटली) पण २ एमएलची आणि ५०० एमजीची पण २ एमएलची, ट्रेमध्ये शेजारी शेजारी. ३ किलोच्या बाळाला ४५ एमजी द्यायचंय, तर पहिलीतून ०.९ एमएल आणि दुसरीतून ०.१८ एमएल, तेवढं तर साध्या सिरिंजवर नीट मोजतापण येत नाही, पातळ करून घ्यावं लागतं. दुसरीतून ०.९ ओढलं तर २२५ एमजी, पाचपट. एवढ्याशा बाळाच्या किडनीचं आणि कानाचं काय होईल ते तूच विचार कर.

इन्सुलिनचं पण असंच. वायलवर १ एमएलला ४० युनिट आहे का १०० हे बघितल्याशिवाय सिरिंज उचलायची नाही. लाल टोपणाची सिरिंज ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. ४० च्या सिरिंजनं १०० चं इन्सुलिन २० च्या रेघेपर्यंत भरलंस तर पेशंटला २० नाही, ५० युनिट गेले. रात्री शुगर किती खाली जाईल.

सलाईनच्या थेंबांना घाबरू नको, ते त्यामानानं सोपं आहे. सेटच्या (सलाईनच्या नळीच्या) पाकिटावरच लिहिलेलं असतं १ एमएलला किती थेंब, बहुतेक साध्या सेटला २०, मायक्रोला ६०. ५०० एमएल ४ तासात द्यायचं म्हणजे तासाला १२५ एमएल. २० च्या सेटला ३ नं भाग (तासाची ६० मिनिटं भागिले २० थेंब म्हणजे ३), मिनिटाला साधारण ४२ थेंब. मायक्रो सेटला भागायचंच नाही, तासाचे एमएल तेच मिनिटाचे थेंब. थेंब घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोज, आणि पेशंटनं हात वाकवला, उठून बसला की परत मोज कारण वेग बदलतो.

पावडरच्या सिरपला (अमॉक्सिसिलिनचं असतं बघ) पाणी अंदाजानं टाकू नको. बाटलीवर खूण असते, थोडं पाणी टाकून हलव, फेस बसू दे, मग परत खुणेपर्यंत भर. फेसालाच खूण समजून थांबलं की औषध घट्ट राहतं आणि प्रत्येक चमच्यात डोस जास्त जातो. ओआरएसचं तर उन्हाळ्यात रोज सांगावं लागतं, मोठं पाकीट १ लिटर पाण्याचं, अख्खं एकदमच टाकायचं. लोक तांब्याभर पाण्यात अख्खं पाकीट टाकतात, लवकर बरं व्हावं म्हणून, आणि लेकराच्या अंगात मीठ जास्त होतं. लिटरची पाण्याची बाटली घेऊन माप दाखव, तोंडी सांगून भागत नाही.

ग्रॅम, एमजी, मायक्रोग्रॅमला प्रत्येक पायरी १००० ची आहे एवढंच. डिगॉक्सिन ह्या हृदयाच्या औषधाची ०.२५ एमजीची गोळी म्हणजे २५० मायक्रोग्रॅम. औंस, ड्राम, मिनिम ही जुनी मापं पेपरापुरती वाच, १ औंस म्हणजे ३० एमएल धरून चाल, त्यात रात्री घालवू नकोस.

गणित करायच्या आधी मनात अंदाज लाव. पाहिजे तो डोस लेबलपेक्षा कमी आहे का जास्त, म्हणजे वायल पूर्ण लागणार नाही का एकापेक्षा जास्त लागणार. मग आकडेमोड कर. अंदाज आणि उत्तर जुळलं नाही तर सिरिंज भरायची नाही. एकाच पेशंटला दोनपेक्षा जास्त अँप्यूल (इंजेक्शनच्या बंद काचेच्या कुप्या) फोडाव्या लागत असतील तरी थांब आणि इनचार्ज सिस्टरला विचार, त्या रागावल्या तरी विचार. काही औषधांना खरंच जास्त लागतात, प्रसूतीत झटके आले की मॅग्नेशियम सल्फेटच्या २ एमएलच्या १ ग्रॅमवाल्या अँप्यूल एकदम खूप फोडतो आपण, पण ते माहीत असून फोडणं वेगळं. लहान लेकराचा आणि इन्सुलिनचा डोस दुसऱ्या सिस्टरला स्वतंत्र काढायला लाव, आपलं उत्तर आधी सांगायचं नाही, नाहीतर ती मान डोलावते.

हे एक करून बघ. ऑर्डर ७५० एमजी सेफ्ट्रियाक्सोन, वायल १ ग्रॅमची, पाणी टाकून एकूण १० एमएल झालं. फॉर्म्युला न लावता, आधी '१ एमएलमध्ये इतके एमजी' ही ओळ लिहून मग सांग किती ओढशील. साडेसात आलं तर तुला गणित येतं.