डेव्हलपरसाठी आदर्श प्रोग्रामिंग भाषा कशी असावी?

माझ्यासाठी एकच कसोटी आहे: माझी चूक ती माझ्या टेबलावरच पकडते का?

मी नाशिकला राहतो आणि कांद्याच्या व्यापाऱ्यांसाठी हिशोबाची सॉफ्टवेअर लिहितो. काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीत हमाली-तोलाईपोटी १२,०४५ रुपये कापले गेले. खरी हमाली होती १२० आणि तोलाई ४५, म्हणजे १६५ रुपये. कोड जावास्क्रिप्टमध्ये होता. तिथे स्क्रीनवरच्या चौकटीत टाइप केलेला आकडा मजकूर म्हणून येतो, आणि अधिक चिन्ह दोन मजकूर एकमेकांना चिकटवतं. पुढे वजाबाकी करताना तीच भाषा त्या मजकुराचा गुपचूप आकडा करते. त्यामुळे कुठेच एरर आली नाही. चूक पहिल्यांदा दिसली ती पट्टी हातात घेऊन उभ्या असलेल्या त्या माणसाला. त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही.

हाच कोड पायथॉनमध्ये असता तर वजाबाकीला प्रोग्राम थांबला असता, पण चालवल्यानंतर. टाइपस्क्रिप्टमध्ये मात्र त्या ओळीखाली लिहितानाच लाल रेघ आली असती. हा फरक मला वेगापेक्षा कितीतरी मोठा वाटतो. (वेगाची चर्चा फार होते, आमच्या कामात वेळ जातो तो डेटाबेस आणि नेटवर्कमध्ये.)

रिकाम्या मूल्याचंही तसंच, म्हणजे आकडा किंवा नाव हवं तिथे काहीच नसतं तेव्हा. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेत 'नल', म्हणजे 'इथे काहीच नाही' ही खूण, आणला आणि २००९ मध्ये त्यालाच आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. कॉटलिन आणि रस्ट या भाषांमध्ये मूल्य नसण्याची शक्यता आधीच लिहावी लागते, ती हाताळल्याशिवाय कोड कंपाइल होत नाही, म्हणजे चालवण्याजोगा प्रोग्राम तयारच होत नाही. सुरुवातीला कटकट वाटते. रात्री अकराला बाजार समितीतून फोन येणं थांबलं की वाटत नाही.

बाकी लायब्ररी, नोकऱ्या, शिकायला सोपं असणं या गोष्टी लागतातच, पण त्या भाषेपेक्षा तिच्याभोवतीच्या माणसांवर जास्त अवलंबून असतात.

भाषा निवडताना एक करून बघा. दहा ओळी लिहा, आकड्याच्या जागी मुद्दाम नाव द्या आणि येणारा संदेश वाचा. रस्टचा कंपायलर चूक कुठे आहे ते दाखवतो, कारण सांगतो आणि बऱ्याचदा दुरुस्तीही सुचवतो. तुमच्या पसंतीची भाषा काय सांगते, ते इथे लिहा. मला वाचायला आवडेल.