वरच्या काकूंचा डबा

पत्र:

आम्ही डोंबिवली पूर्वेला चार मजली सोसायटीत राहतो. इमारत १९९३ सालची, लिफ्ट नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि बरोबर आमच्या वर काकू राहतात. वय ७१, एकट्याच असतात. लेक बंगळुरूला. आमचा २२ वर्षांचा शेजार. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांनी केले होते. दोन वर्षांपूर्वी काका गेले, तेव्हा तेरा दिवस त्यांच्याकडचा चहा-जेवण माझ्या घरून गेलं.

गेल्या जूनपासून आमच्या बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकतंय. आधी वाटलं, पावसाचं असेल. पण दिवाळी होऊन गेली तरी थांबलं नाही. सकाळी सात ते नऊ जास्त, दुपारी कमी, रात्री बंद. आता शेजारच्या बेडरूमची भिंत ओली झालीय, पोपडे पडतात, कपाटातल्या साड्यांना वास येतो. काकूंना तीनदा सांगितलं. दर वेळी ‘बघते गं’ म्हणाल्या. शेवटी माझ्या मुलानं छताचे फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, ‘वरच्यांनी अजून किती दिवस दुर्लक्ष करायचं?’ त्याच रात्री काकू ग्रुपमधून बाहेर पडल्या. आता जिन्यात भेटल्या तर मान फिरवतात. सेक्रेटरी म्हणतात, तुमचं तुम्ही बघून घ्या. आमचे हे म्हणतात, वकिलाची नोटीस पाठवू.

संक्रांत तोंडावर आलीय. काका गेल्यावर काकू हळदीकुंकवाला यायला तयार नव्हत्या. गेल्या वर्षी मी हट्टानं नेलं. कुंकू लावताना त्यांनी आधी माझा हात धरला, मग कपाळ पुढे केलं. या वर्षी बोलवू का? नाही आल्या तर सगळ्यांसमोर माझी शोभा होईल. त्यांचा एक स्टीलचा डबाही माझ्याकडे राहिलाय, तो परत द्यायची सोय उरलेली नाही. काय करू?

– दुसऱ्या मजल्यावरची

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी बाथरूममधला दिवा. छत ओलं आहे आणि वायर त्याच छतातून किंवा भिंतीतून गेलेली असणार. इलेक्ट्रिशियन येऊन बघेपर्यंत त्या पॉइंटची लाइन मुख्य बोर्डावरून बंद करून घ्या आणि बाथरूमच्या बाहेर चार्जिंगचा दिवा ठेवून काम भागवा. गीझरही त्याच भिंतीवर असेल तर तोही बंद. बाकीचं सगळं दोन दिवसांनी झालं तरी चालेल, हे आजच करा.

आता काकूंकडे वळते. तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. दर वेळी मी एकाच ठिकाणी अडले, ‘बघते गं’ या दोन शब्दांपाशी. तुम्हाला ते उडवाउडवीचे वाटले. मला त्यात भीती ऐकू येते. एकट्या राहणाऱ्या ७१ वर्षांच्या बाईला ‘तुमचं बाथरूम गळतंय’ असं सांगितलं की तिच्यासमोर काय उभं राहत असेल, ते बघा. फरशी फोडायची, म्हणजे घरात परके कामगार, आठ-दहा दिवस धूळ, सिमेंटच्या गोण्या तिसऱ्या मजल्यावर चढवायच्या. पैसे किती लागतील याचा पत्ता नाही. आणि तेवढे दिवस अंघोळ कुठे करायची? लेकीला फोन केला तर ती म्हणणार, ‘आई, सोड ते घर आणि इकडे ये.’ हे मी मनानं रचत नाही. माझ्या आईच्या घरात असंच गळत होतं आणि खालच्यांना ती सहा महिने ‘बघते’ म्हणत राहिली. तिच्याजवळ बसून विचारलं तेव्हा रडायला लागली. म्हणाली, एकदा फोडाफोड सुरू झाली की घर माझ्या हातात राहणार नाही.

तुम्ही तीनदा सांगितलंत. पण चौथं सांगणं व्हॉट्सॲपवरून झालं, आणि तेही मुलाच्या तोंडून. ज्याच्या बारशाआधी त्यांनी डिंक तळला, त्या मुलानं त्यांना ‘वरच्यांनी’ म्हटलं. मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही. आईच्या साड्यांना बुरशीचा वास येतोय, तो चिडणारच. तुमचा त्रासही खरा आहे. सहा-सात महिने ओल्या भिंतीशेजारी झोपणं काही सोपं नाही, आणि तो त्रास गिळून गप्प बसा असं मी मुळीच सांगणार नाही. पण चव्हाट्यावर आणण्याची पायरी तुम्ही फार लवकर चढलात, आणि त्याबद्दल माफी तुम्हीच मागायला हवी. गळती हा वेगळा विषय, तो काकूंच्या बाजूचा. फोटोचा विषय तुमच्या बाजूचा. दोन्ही एका वाक्यात आणू नका.

म्हणून संक्रांतीची वाट बघू नका. तिळगूळ हातात घेऊन गेलात तर त्यांना तो घ्यावाच लागेल आणि मनातलं बोलता येणार नाही. साध्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला एकट्या वर जा. मुलाला नेऊ नका, त्यानं नंतर स्वतःहून जावं. डबा घेऊन जा, आणि रिकामा नको. त्यांना आवडतं असं काहीतरी करा, बावीस वर्षांत तेवढं तुम्हाला ठाऊक असेल. दार उघडल्यावर एवढंच म्हणा, ‘काकू, तो फोटो टाकायला नको होता. मी घरात होते, मी थांबवायला हवं होतं. माझं चुकलं.’ ‘पण’ हा शब्द जिभेवर आला तर गिळा. त्या दिवशी पाण्याचं नावही काढू नका. त्या बोलल्या, रागावल्या तर ऐकून घ्या. डबा घेतला आणि दार लावलं तरी चालेल. तुमचं त्या दिवसाचं काम तेवढंच.

दोन दिवसांनी पाण्याचा विषय काढा, आणि इथे तुमच्या पत्रातलं एक वाक्य फार उपयोगाचं आहे. सकाळी सात ते नऊ जास्त, रात्री बंद. नळाची आतली पाइपलाइन फुटली असती तर वरच्या टाकीचा दाब त्यावर कायम असल्यामुळे पाणी दिवसरात्र ठिबकलं असतं. पावसाचं असतं तर दिवाळीनंतर कमी होत गेलं असतं. अंघोळीच्या वेळेला वाढतं आणि नंतर ओसरतं, म्हणजे बहुधा सांडपाण्याच्या वाटेवर काहीतरी आहे. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या, कडेला फट असेल, फरशीचे सांधे उघडे पडले असतील, किंवा डक्टमधल्या, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीतल्या, सोसायटीच्या सामाईक ड्रेनेज पाइपचा जोड गळत असेल. या तिन्हींचा खर्च सारखा नाही आणि खर्च करणारेही एकच नाहीत.

तपासायची रीत साधी आहे. काकूंच्या बाथरूमची नहाणी कापडाच्या बोळ्यानं घट्ट बंद करायची, बोट-दोन बोटं पाणी साठवायचं, त्यात खायचा लाल रंग घालायचा आणि २४ तास तसंच ठेवायचं. खाली लाल पाणी आलं तर गळती फरशीतून किंवा ट्रॅपच्या कडेनं आहे. काहीच आलं नाही तर बोळा काढून पाणी सोडून द्या. तेव्हा ठिबकलं तर पुढच्या पाइपकडे बघायचं. त्या एका दिवसाची काकूंची अंघोळ तेवढी सोडवावी लागेल. त्यांच्या गुडघ्यांचं मला माहीत नाही, पण जिना उतरून तुमच्याकडे येण्यापेक्षा त्यांच्याच मजल्यावरच्या कुणाकडे सोय झाली तर बरी. ती सोय तुम्ही लावून द्या. ‘अंघोळीचं मी बघितलंय काकू’ या एका वाक्यानं निम्मी भीती उतरेल, असं मला मनापासून वाटतं. शिवाय जुन्या बांधणीत संडास वेगळा असतो, तुमच्याकडेही तसा असेल तर काम चालू असताना तो वापरता येतो. हेही त्यांना सांगा, म्हाताऱ्या माणसाला विचारायला संकोच वाटतो.

आणि सगळी फरशी फोडावीच लागते असं नाही. आधी सांधे खरवडून नीट ग्राउटिंग करून, म्हणजे ते पुन्हा भरून घ्या, ते एक-दोन दिवसांचं काम. पंधरा दिवस बघा. नाही थांबलं तर ट्रॅपभोवतालचा तेवढाच तुकडा खोलायचा. कोबा, म्हणजे फरशीखालचा थर, काढून नवं वॉटरप्रूफिंग हा शेवटचा उपाय. प्लंबर बघायला आला की पहिल्यांदा हाच उपाय सांगेल, म्हणून घाईनं हो म्हणू नका, दुसऱ्यालाही दाखवा.

सेक्रेटरींनी मात्र हात झटकलेत ते बरोबर नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे, सामाईक पाइप, ड्रेनेज, गच्ची आणि बाहेरच्या भिंती यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चानं, आणि घराच्या आतल्या बाथरूमची त्या सभासदाच्या खर्चानं. गळती नेमकी कुठून आहे हे ठरल्याशिवाय ‘तुमचं तुम्ही’ म्हणता येतच नाही. दुसरं, तुमची इमारत ३० वर्षांची होऊन गेली आहे. अशा इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ३ वर्षांनी व्हावं असं त्याच उपविधींत आहे. झालंय का, विचारा. लाटण्यानं छतावर हलकेच ठोकून बघा. कुठे पोकळ आवाज आला किंवा प्लास्टर पडून गंजलेली सळी दिसली, तर कुणाच्या रुसण्याची वाट न बघता त्याच दिवशी सेक्रेटरींना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रात काकूंविरुद्ध तक्रार लिहू नका. ‘गळतीचं कारण शोधण्यासाठी सोसायटीनं दोन्ही घरांची पाहणी करावी’ असं लिहा. पूर्वसूचना देऊन घराची पाहणी करण्याचा अधिकार सोसायटीला आहे. सोसायटीचा प्लंबर आला की काकूंवर कुणी बोट ठेवलंय असंही त्यांना वाटणार नाही.

वकिलाच्या नोटिशीबद्दल तुमच्या यजमानांना सांगा, ती कपाटात राहू दे. सहकार न्यायालयात महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली दावा करता येतो, तो हक्क तुमच्याकडून कुणी काढून घेत नाही. पण तारखा पडत राहतील आणि पाणी ठिबकत राहील. महिना-दोन महिने मनापासून प्रयत्न करूनही काकूंनी दार उघडलंच नाही, तर लेकीशी फोनवर बोला, मग सोसायटी, मग बाकीचं.

पैशाचंही बोलून ठेवते. गळती काकूंच्या फरशीतून निघाली तर वरचा खर्च त्यांचा, तिथे संकोच करू नका. पण तुमच्या छताचं प्लास्टर आणि भिंतीचा रंग तुम्ही तुमच्या पैशानं करा. मागितलेत तर मिळतीलही, तरी मागू नयेत असं मला वाटतं. एकट्या बाईच्या पेन्शनीतून तुमच्या बेडरूमचा रंग निघाला, तर त्या भिंतीकडे बघून तुम्हालाच बरं वाटणार नाही.

आता हळदीकुंकू. बोलवाच. स्वतः जाऊन बोलवा, मेसेज नको. इथे तुमच्या शोभेचा विचार बाजूला ठेवा, कारण त्यांचं काय पणाला लागलंय ते फार मोठं आहे. काका गेल्यावर त्यांना कुंकवाला बोलावणारी तुमच्या जिन्यातली पहिली बाई तुम्ही असाल. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा राज्यभर त्याचं कौतुक झालं. तुम्ही तेच कुठल्या ठरावाशिवाय, दोन बोटांनी करून दाखवलंत. या वर्षी बोलावणं गेलं नाही, तर काकू त्याचा अर्थ पाण्याशी जोडणार नाहीत. त्यांना वाटेल, एका वर्षाचं कौतुक होतं, आता आपली जागा दाखवली. हे त्यांच्या वाट्याला येऊ देऊ नका. तारीख ठरवतानाही घाई नको. रथसप्तमीपर्यंत मुभा असते, तोवर मन थोडं निवळेल. नाही आल्या तर वाण आणि तिळगूळ दुसऱ्या दिवशी वर पोचता करा, आणि गेल्या वर्षीसारखं कुंकूही लावा, त्यांनी कपाळ पुढे केलं तर.

मुलाला ग्रुपवर दोन ओळी लिहायला सांगा. जिथे बोलला तिथेच मागे घेतलं पाहिजे. काकू ग्रुपमध्ये नाहीत, तरी चार बायका त्यांना सांगतीलच.

रंगाची घाई मात्र करू नका. गळती थांबली तरी स्लॅबनं प्यालेलं पाणी निघायला काही आठवडे जातात, वरून पुट्टी मारलीत तर पावसाळ्याआधीच फुगून येईल. छत हाताला कोरडं लागेपर्यंत बाथरूमची खिडकी उघडी ठेवा, बेडरूममधलं कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, आणि साड्या उद्याच्या उन्हात गॅलरीत पसरा.