जन्मठेप म्हणजे १४ वर्षंच ना? म्हणूनच लोक फाशी मागतात का?
जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद. गांधीहत्येच्या कटात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे १९६१ मध्येच सांगितलं. १४ वर्षं आली कुठून? फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली, तर निदान तेवढी भोगल्याशिवाय सरकार शिक्षेत सूट देऊन सोडू शकत नाही. सोडायलाच हवं, असं मुळीच नाही. पण ‘चौदा वर्षांत सुटतो’ ही समजूत पक्की बसली आहे, आणि माझ्या मते फाशीची मागणी बरीचशी तिच्यातूनच येते. मुंबईच्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणात २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी रद्द केली, तेव्हा माझ्या ओळखीतले कितीतरी जण म्हणाले, “सुटले!” सुटले कुठे? उरलेलं सगळं आयुष्य तुरुंगात, पॅरोल-फर्लो म्हणजे तुरुंगातून तात्पुरती सुट्टीही नाही, असा तो निकाल आहे.